तळाचं कार्ड

सणसवाडीतल्या आमच्या कंपनीत टूल स्टोअर म्हंजी मी. मेरी एलिया साळवे, राहणार शिरूर. एकोणीस वर्षं खिडकीच्या जाळीमागं बसून मी पाने, हातोडे, एलन की सांभाळल्या. लोक म्हणतात मेरीमावशी लई कडक हाय. व्हय, हाय कडक! न्हाईतर ह्या प्रेसवाल्यांनी जाळीसकट स्टोअर भंगारात घातलं असतं.

प्रेसवाले म्हंजी सोपानरावांची माणसं. सोपानराव पाटसचे, प्रेस सेक्शनचे सुपरवायझर. रोज दौंडच्या बसमधून उतरायचं आन् उतरल्या उतरल्या माझ्या खिडकीवर तोंड वाजवायचं, हा त्यांचा नेम. नेणार चोविसचा नवा पाना, आणणार एकोणीसचा, तोबी तोंड फाकलेला. न्हाईतर आणणारच न्हाईत. मग मी तरी काय खुळी हाय? चांगले पाने मी आत ठेवायचे आन् खिडकीतनं जुनेच द्यायचे.

अशात मोठ्या साहेबांना सुधारणेची हुक्की आली. आम्ही गाडीच्या सीटचे पत्र्याचे भाग करतो. भाग बदलला की प्रेसमधला डाय, म्हंजी साचा, काढून दुसरा बसवायचा. त्याला दोन तास लागायचे आन् तेवढा वेळ मशीन नुस्तं उभं. ही सुधारणा आमच्याकडं चार वेळा झालेली. चारी वेळा पोस्टरं लागली, टी-शर्ट वाटले, साहेबांबरोबर फोटो निघाले, आन् दोन तासाचे दोन तासच राहिले. म्हणून पाचव्या वेळी पुण्यासनं ज्ञानेश्वरी मॅडमला बोलावलं. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, बोलायला मऊ, पण नजर अशी की आपल्या खिशात काय हाय ते तिला दिसतंय.

तिनं पोस्टर लावलंच न्हाई. आठ दिवस नुस्ती फिरली, ज्याला त्याला विचारत बसली, आन् बारा कार्डं लिहून कँटीनच्या भिंतीवर लावली. ‘डायला उशीर’, ‘घाईत काम’, ‘माल रिजेक्ट’, ‘सुपरवायझरची आरडाओरड’, ‘माणसं सोडून जातात’, असली. त्यात एक होतं, ‘स्टोअर चांगला पाना देत नाही’. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या शेजारी ‘प्रेसवाले पाना परत करत नाहीत’ दिसलं, तवा जरा थंड वाटलं.

“आता प्रत्येकानं एवढंच सांगायचं,” ती म्हणाली. “दोन-दोन कार्डं घ्यायची. ह्याच्यामुळे ते होतं, की त्याच्यामुळे हे होतं? तसा बाण काढायचा. दोन्ही खरं वाटलं तर दोन्हीकडे बाण. काहीच संबंध नसेल तर फुली. जिथनं सगळ्यात जास्त बाण निघतील ते कार्ड तळाला. तेच मूळ.”

बारा कार्डांच्या सहासष्ट जोड्या होत्या. माणसं तीस. उत्तरं सोमवारी द्यायची.

साहेब उठले आन् आगीत तेल ओतून गेले. “जे कार्ड तळाला येईल, तिथनं साफसफाई सुरू. स्टोअर आलं तर जाळी काढायची, पाने मशीनजवळ भिंतीवर, आन् मेरीबाई पॅकिंगला. प्रेस आलं तर सोपानराव गेटवर, गाड्या मोजायला.”

पॅकिंगला आठ तास उभं राहावं लागतं. माझे गुडघे चर्चमध्ये प्रार्थनेला वाकत न्हाईत, पॅकिंगला कसले टिकतात! आन् गुडघ्यांचं सोडा. एकोणीस वर्षं ज्या खिडकीत बसले ती माझी होती. मला ती पाहिजे होती. बाकी सुधारणा गेली खड्ड्यात.

आता आमच्या भागातल्या माणसाला तीस मतं आन् दोन उमेदवार दाखवले की पुढचं शिकवावं लागत न्हाई. सोसायटीची निवडणूक असू दे न्हाईतर दूध डेअरीची, पॅनल उभं राहतंच. शिरूरच्या बसमध्ये माझी अकरा माणसं. त्यांना मी सहासष्ट उत्तरं पाठ करून घेतली. सगळे बाण प्रेसपासनं निघणार, स्टोअरपासनं एकबी न्हाई. तिकडं दौंडच्या बसमध्ये सोपानरावांची अकरा. त्यांनी तर जेजुरीचा भंडारा आणून प्रत्येकाला उचलायला लावला म्हणं. आमच्यात शपथ घालायची न्हाई, म्हणून मी नुस्ते डोळे वटारले. तेवढं पुरतं.

अकरा-अकरा फिटले. राहिली आठ. ती यूपी-बिहारची पोरं, सणसवाडीत खोल्या करून राहणारी, प्रेसवर काम करणारी. त्यांचा म्होरक्या लल्लन. सोपानरावांनी त्यांना शिक्रापुरात मिसळ चारली. मी काय कमी हाय का? रविवारी चर्चवरनं आले ती मोबाईलवर बघून बघून त्यांच्या गावाकडचं लिट्टी-चोखा करायला बसले. लिट्टी झाली दगडासारखी. डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले, तर आठीच्या आठी पोरांनी मान खाली घालून चावली. एकाला तर दात धरताना मी बघितलं.

“दीदी, आप बेफिकर रहिए,” लल्लन म्हणाला. “हम लोग आपके साथ हैं.”

मी घरी येऊन गाणी म्हणत भांडी घासली.

गुरुवारी निकाल. कँटीनमध्ये सगळे जमले, साहेब पुढं. सोपानराव मिशीतल्या मिशीत हसत होते. मी बी हसत होते. ज्ञानेश्वरीनं दोन गठ्ठे टेबलावर ठेवले.

“मी सात कंपन्यांत हे केलंय,” ती म्हणाली. “दोन माणसांची सहासष्ट उत्तरं कधी जुळली नाहीत. इथं अकरा कागद तंतोतंत सारखे आहेत. एका ठिकाणी खाडाखोड, तीसुद्धा अकराही जणांची एकाच जागी.”

सातव्या प्रश्नाला मीच बसमध्ये चुकून उलटं सांगून मग बदललं होतं. पण गाढवांनो, चूकसुद्धा उतरवायची?

“आणि हे दुसरे अकरा,” ती पुढं म्हणाली, “हेही तंतोतंत. फक्त सगळं उलटं.”

साहेबांचं तोंड लाल झालं. सोपानराव छताकडं बघाया लागले.

“म्हंजी बावीस कागद वाया,” साहेब म्हणाले.

“वाया. आता राहिले आठ. त्यांची बाकीची उत्तरं आपापली वेगळी आहेत, पण एका ठिकाणी आठही जणांचं एक आहे. स्टोअर आणि प्रेस. तिथं आठही जणांनी दोन्हीकडे बाण काढलाय.”

मी गर्रकन वळले. “लल्लन!”

बिचारा उठून उभा राहिला. “दीदी, आपको भी जुबान दिए थे, सोपान साहब को भी दिए थे. झूठा किससे पड़ते?”

कँटीन असं हसलं की पोळ्या लाटणाऱ्या बाया बाहेर आल्या. मला वाटलं, उरलेल्या लिट्ट्या त्याच्याच डोक्यात घालाव्या. ज्ञानेश्वरी मात्र हसली न्हाई. तिनं लाल लोकरीचा धागा घेतला, स्टोअरच्या कार्डावरनं प्रेसच्या कार्डाला नेला, आन् तिथनं परत स्टोअरला आणून बांधला.

“ह्यांनी शब्द पाळायला लिहिलं असेल, पण खरं तेच आहे,” ती म्हणाली. “पाना परत येत नाही म्हणून मावशी चांगला देत नाहीत. मावशी चांगला देत नाहीत म्हणून हातात आलेला कुणी परत करत नाही. बाकीची दहा कार्डं ह्याच फेऱ्यात अडकलीत. तळाला एक कार्ड नाही, दोन आहेत.”

“मग दोघांनाबी हलवतो,” साहेब म्हणाले.

“हलवा. पण एकमेकांच्या जागेवर. पंधरा दिवस.”

साहेबांना ते फार आवडलं. “पंधरा दिवसांत डायचा वेळ निम्मा झाला न्हाई तर एक पॅकिंगला, एक गेटवर. ठरलं.”

तर दुसऱ्या दिवशी मी प्रेसवर आन् सोपानराव माझ्या खुर्चीत, माझ्या पंख्याखाली. पहिल्याच डायला चोविसचा पाना लागला. मी खिडकीवर गेले.

“चिठ्ठी?” सोपानराव म्हणाले.

“अहो, मी हाय.”

“असाल. चिठ्ठी आणा. आन् कालचा जमा झालाय का तेबी बघावं लागंल.”

मी तिथं जे बोलले ते इथं सांगण्यासारखं न्हाई. पास्टरांच्या कानावर गेलं तर रविवारी पहिल्या बाकावरनं उठवतील. पाना दिला तो तोंड फाकलेला. बोल्टवरनं तो सटकला आन् माझी बोटं सोलून निघाली. लल्लननं रुमाल बांधला, तवा त्याच्या बोटांवर तसलेच जुने वण दिसले. तेच लागलं. ह्याची बोटं मी कितीदा सोलली असतील, देवालाच ठावं.

तिसऱ्या दिवशी मात्र नशीब फळफळलं. सोपानराव जेवायला गेले होते, जाळीत दुसराच कुणी होता, त्यानं भोळेपणानं नवा कोरा पाना दिला. काय पाना! बोल्टवर बसला की हलंना. डाय तासाभरात बसला. संध्याकाळी हात पुसले, डब्याची पिशवी उघडली, आन् पाना डब्याखाली सरकवला.

“मावशी, हे काय?”

ज्ञानेश्वरी मागंच उभी होती, हातात घड्याळ घेऊन.

“काय म्हंजी?” मी फणकारले. “आज परत दिला तर उद्या तो मेला देईल का? हातात आलेला सोडायचा कशाला?”

माझंच बोलणं माझ्या कानावर आलं. मागनं कुणीतरी खुसखुसलं, आन् एकेक करून सगळे पोट धरून हसायला लागले. हे उत्तर त्यांच्याकडनं मी हजारदा ऐकलं होतं आन् हजारदा त्यांना चोर म्हणले होते. मला इतकी लाज वाटली की बसची वेळ झाली तरी पाय उचलंना.

पाना हातात घेऊन मी तशीच स्टोअरमध्ये घुसले, जाळीला वळसा घालून, आत. “सोपानराव, मागच्या कपाटाचा खालचा खण उघडा. जुन्या हातमोज्यांच्या खाली.”

त्यांचा चेहरा पडला. खण उघडला. आत सहा नवे पाने, फडक्यात गुंडाळलेले.

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी एकोणीस वर्षं तिथंच लपवत होते.”

ते खाली बसले. मी बी बसले. तीन दिवसांत हा माणूस मेरी झाला होता आन् मी सोपानराव.

“जाळी काढायला सांगू साहेबांना,” मी म्हणले. “पाने भिंतीवर लावू, मशीनजवळ.”

“मग स्टोअरला माणूस कशाला लागंल? तुम्ही कुठं जाणार?”

“पॅकिंगला. दुसरं कुठं?”

त्यांनी टोपी काढली, परत घातली. “मेरीबाई, राहू द्या. काढू काहीतरी मार्ग.” आठ-दहा दिवसांपूर्वी ह्याच माणसानं मला हलवायला भंडारा उचलायला लावला होता. पण मार्ग नव्हता, ते त्यांनाबी दिसत होतं. साहेबांशी मलाच बोलायचं होतं, आन् मी बोलले. लई वाईट वाटलं.

शनिवारी जाळी निघाली. सोमवारी चाळीस पाने प्रेसच्या भिंतीवर लागले, प्रत्येकाच्या मागं त्याच्या आकाराचा पिवळा रंग. चिठ्ठी न्हाई, वही न्हाई. ज्याला पाहिजे त्यानं उचलावा. डाय बावन्न मिनिटांत बसला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सोपानराव आपल्या प्रेसवर परत गेले. मला मंगळवारपासनं पॅकिंग.

सोमवारी शिफ्ट सुटताना मी भिंतीजवळ थांबले. मनात पक्कं होतं, आता निम्मे पाने गायब असणार. मग मी साहेबांना हाताला धरून आणणार आन् दाखवणार, बघा, मेरी कशाला होती ते. सोपानरावबी शेजारी येऊन उभे राहिले.

पोरं येत होती, पाना पुसत होती, लावत होती, जात होती. लल्लननं तर दोन लावले, एक दुसऱ्याचा विसरलेला. माणसं गेली. मी एका टोकापासनं मोजले. चाळीस.

इतका राग आला मला! मग एकोणीस वर्षं मी राखण केली ती कुणापासनं? डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, तिथंच, भिंतीकडं तोंड करून.

सोपानरावांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. “मेरीबाई,” ते म्हणाले, “घाईत चुकलं असंल. परत मोजा.”

आम्ही दोघांनी मिळून परत मोजले. चाळीसच होते.