यंत्राला ठाऊक असलेल्या दोन म्हशी

"मागे सरका! यंत्र माती खातंय!"

कजोडमल ओरडला आणि चौपालावरची, म्हणजे गावच्या चावडीवरची शे-दीडशे माणसं खरंच मागे सरली. टेबलावर झेंडूच्या माळा घातलेला कॉम्प्युटर. त्याच्या पोटातून सीडीचा खण बाहेर आला. कजोडमलने त्यात चिमूटभर माती ठेवली, खण आत गेला, घर्र घर्र झालं आणि घुमणारा आवाज आला, "धापूबाई! चार बिघे जमीन. गोड्या पाण्याची विहीर. दारात दोन म्हशी. तुझ्या बागेत दोष आहे! आवळ्याची चाळीस झाडं मुळासकट उपट, नाहीतर दोष घरात शिरेल!"

"जय हो!" गर्दीने हात जोडले. मी कपाळाला हात लावला. अहो, सीडीच्या खणाला चव कळत असती, तर माझ्या लेकीने आमच्या कॉम्प्युटरमध्ये सांडलेल्या चिवड्यावर त्याने केव्हाच मत दिलं असतं!

मी वासंती. शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या ह्यांची, म्हणजे श्रीपादची, बँकेतली बदली झाली म्हणून २००६ साली आम्ही जयपूरला मालवीय नगरात राहत होतो. धापूबाई आमची दूधवाली, जवळच्याच खेड्यातली. त्या सकाळी दुधाची बरणी खाली ठेवून ती रडायलाच लागली. "बहनजी, झाडं पिवळी पडलीत. आज यंत्र निकाल देणार. तोडा म्हणालं तर तोडावी लागतील." तीन वर्षं डोक्यावरून पाणी वाहून तिने ती झाडं जगवली होती आणि यंदा पहिलं फळ धरणार होतं. मी श्रीपादना म्हटलं, "स्कूटर काढा. मला हे यंत्र बघायचंय."

यंत्र तसं चांगल्या कामासाठी आलं होतं. एका संस्थेने गावागावांत एकेक ओळखीचा माणूस नेमला होता. त्याने पिकाचे फोटो काढायचे, शहरातल्या शेतीतज्ज्ञांना पाठवायचे आणि आलेलं उत्तर शेतकऱ्याला समजावून सांगायचं. गावचाच माणूस, म्हणून लोक विश्वास ठेवतील, असा हिशोब. विश्वास ठेवला की! फक्त त्या माणसावर, म्हणजे इथे कजोडमलवर, लक्ष ठेवायला मात्र कुणी नव्हतं.

"नवी रोपं माझ्या मेहुण्याकडे मिळतील," कजोडमल सांगत होता. "यंत्रासमोर ठेवून सिद्ध केलेली. कीड त्यांच्याकडे बघणारसुद्धा नाही!" धापूबाईचा दीर कुऱ्हाड घेऊन उठलासुद्धा.

तेवढ्यात धापूबाईने माझा पदर ओढला. चेहरा गोंधळलेला.

"बहनजी, दोन कसं म्हणालं? म्हशी तीन आहेत."

"मग दोन कुणी सांगितल्या?"

ती ओशाळली. "मीच. कजोडमल फॉर्म भरायला घरी आला होता. नाव, जमीन, विहीर, सगळं लिहून नेलं. पण जनावरं खरी मोजून सांगायची नसतात ना! नजर लागते. तिसरी मी जाऊबाईच्या गोठ्यात बांधली होती."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पुढे झाले.

"कजोडमलजी, यंत्र चुकतं का हो कधी?"

"माती खोटं बोलत नाही, मॅडमजी. यंत्रही नाही."

"धापूबाई, म्हशी किती?"

 सगळ्या गावासमोर खरा आकडा सांगायचा म्हणजे तिच्या लेखी म्हशीच्या जिवाशीच खेळायचं.  मला भीती वाटली, ही आता मान खाली घालणार. तिने दिराच्या हातातल्या कुऱ्हाडीकडे पाहिलं.

"तीन!" ती म्हणाली. "फॉर्मात दोन लिहायला सांगितल्या. घरात तीन आहेत."

 मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "मीपण एक गाय कमीच सांगितली होती." दुसरी म्हणाली, "मी दोन बकऱ्या." आणि बायकांमध्ये काय हशा पिकला म्हणता! यंत्राने प्रत्येकीला तिचीच थाप परत ऐकवली होती.

मी टेबलावरचं कापड उचललं. खाली कजोडमलचा पाय आणि पायाखाली माऊस. अंगठ्याने कळ दाबली की आवाज सुरू! पडद्यावर गावातल्या माणसांच्या नावांची यादी होती. मी पुढच्या नावावर कळ दाबली. माती नाही, काही नाही, तरी यंत्र गरजलं, "गोपीराम! तुझ्या शेतात दोष आहे!" गोपीराम तर घरी झोपला होता. खण बाहेर काढला, तर चिमूटभर माती होती तशीच. कणभरही कुणी खाल्ली नव्हती.

"आणि हा आवाज?" श्रीपादनी विचारलं.

"मडक्यात तोंड घालून मीच भरला," कजोडमल पुटपुटला. मग एकदम उसळला, "सुरुवातीला खरेच फोटो पाठवत होतो मी! उत्तर यायला आठ-आठ दिवस. लोक हसायचे मला. देव बोलला की लगेच ऐकतात!"

ते खोटं नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. पण म्हणून बाईची बाग तोडायची? मेहुण्याची रोपं खपवायला?

त्याच दुपारी आम्ही पानांचे आणि बुंध्यांचे फोटो काढून तज्ज्ञांकडे पाठवले. नऊ दिवसांनी कागद आला. मी वाचून दाखवला, "वाळवीची शक्यता. मुळं तपासा." मला वाटलं, ही आता हात जोडेल.

"ह्यांना कसं कळलं?" धापूबाईने विचारलं. "हे तर इथे आलेच नाहीत."

क्षणभर मला रागच आला. एवढी धावपळ केली ती कुणासाठी? पण तिने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. कुदळ घेतली, एका झाडाचं आळं उकरलं आणि मुळाशी वळवळणारी पांढरी वाळवी हातावर घेऊन मला दाखवली.

"आता मानते," ती म्हणाली.

मंडळी, सल्ला बाबाने दिलेला असो, यंत्राने की माझ्यासारख्या मास्तरणीने, सांगणाऱ्याला आधी विचारा, तुला कसं कळलं आणि यात तुझा फायदा काय. आणि मग स्वतः खणून बघा. चाळीसपैकी सदतीस झाडं वाचली, ती मुळं खणून वाळवीवर औषध घातलं म्हणून, हात जोडून नाही.