मास्तरांच्या कोटाची कॉलर

बँडमास्तरांचा लाल लोकरी कोट चावायचा. अहो, खरोखर चावायचा! कॉलर मानेला लागली की मास्तर डावीकडे असा काही झटका द्यायचे, की एकदा डोक्यावरची टोपी उडून थेट मोठ्या भोंग्यात जाऊन बसली. भोंगेवाल्याने उरलेलं गाणं टोपीतूनच वाजवलं म्हणतात.

तर हा कोट आला दोघी जावांच्या धुलाईच्या दुकानात. थोरलीचा हात इतका हलका, की तिने धुतलेली शाल बघून मेंढीने ती परत मागितली असती. आणि धाकटीला एकच खोड, सारखं "असं का?" विचारायची. गिरणीत कापडाला शेवटचा हात फिरवणाऱ्या मावसबहिणीकडून तिने एन्झाइमची पूड आणून ठेवली होती.

"ही करते काय?" थोरलीने डबा हुंगला.

"लोकरीचा केस भिंगातून बघा, जाऊबाई. माशासारखे खवले असतात. ही पूड ते खवले खाते, मग लोकर बोचत नाही."

"आणि खवले संपले की?"

"मग लोकर खाते."

"अगं बाई! म्हणजे जेवून झाल्यावर ताटही खाणारा पाहुणा!"

"वेळेवर उठवायचा. व्हिनेगर घातलं की गप्प बसतो."

"जिवंत असते का ही?"

"नाही."

"मग खाते कशी?"

धाकटी विचारात पडली. "तेच तर बघायचंय मला."

थोरलीने तिला बजावलं, "बघ बाई. पण मास्तर तक्रार घेऊन आले, तर हा डबा मोरीत आणि तुझे प्रयोग कायमचे बंद."

धाकटीने कॉलर उसवली. घमेल्यात पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं, चिमूटभर पूड विरघळवली. आधी वर आला तो घामाचा जुना मळ, चहासारखा. मग ती मधूनमधून कॉलर मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघू लागली. बोचरी. जरा कमी बोचरी. मग तर मांजरीच्या कानामागे असते तशी!

"काढ आता," थोरली म्हणाली.

"थांबा हो, अजून किती मऊ होते ते बघू."

पाण्यावर बारीक लाल तुसं तरंगायला लागली. पाहुणा ताटाला लागला होता! धाकटीने घाईघाईने व्हिनेगर ओतलं. सावलीत वाळवून, जीव मुठीत धरून कॉलर ताणून पाहिली. टिकली. कोटाला पुन्हा शिवली.

रविवारच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मास्तर कोट हातात घेऊन तणतणत दुकानात हजर.

"काय केलंत माझ्या कोटाचं?"

"फाटला?" धाकटीने विचारलं.

"फाटला असता तर बरं! काठी उचलली, तर एकही वाजवेना. काठीकडे कोण बघतं हो? सगळे माझ्या मानेकडे बघतात. झटका दिला की सुरू! आणि काल झटकाच नाही. मी आपला काठी हलवतोय, हलवतोय. लोकांना वाटलं, मास्तर माश्या हाकलतायत."

"मग मुद्दाम द्यायचा एक झटका," थोरली म्हणाली.

"दिला की! खाज नसली की खोटा दिसतो, वहिनी. सगळे हसायला लागले. मला कोट होता तसा चावरा करून द्या."

"खाल्लेले खवले परत येत नाहीत, मास्तर," धाकटी खाली मान घालून म्हणाली.

थोरलीने डबा उचलला आणि मोरीकडे निघाली. दारात थांबली.

"मास्तर, मान कशी आहे?"

मास्तरांनी मानेवरून हात फिरवला. मग सावकाश उजवीकडे वळवून पाहिली. पुन्हा वळवली.

"अरेच्चा! या बाजूलाही वळते."

"उजवीकडचे वादक कधी बघितलेत का?"

"नाही बुवा. कोण बसतं तिकडे?"

"आम्हाला काय माहीत! बँड तुमचा."

मास्तरांनी कोट अंगात चढवला आणि उजवीकडे कोण बसतं ते बघायला तडक तालमीला निघून गेले. कोट चावरा करून घ्यायचं राहूनच गेलं.

"ही तक्रार झाली का, जाऊबाई?" धाकटीने भीतभीत विचारलं.

थोरलीने डबा खाली ठेवला. अंगातला जाडाभरडा स्वेटर डोक्यावरून काढून धाकटीच्या हातात कोंबला.

"आधी एकच बाही घमेल्यात घाल. आणि मी काढ म्हटलं, की काढायची."