ओगराळंभर माडगं

पंगतीत आमटी-कढी वाढायला लांब दांडीचं, खोलगट वाटीचं पितळी भांडं घेतात ना, ते ओगराळं म्हणजे मी. बोलायची मला सवय नाही. भांड्यानं वाजावं, बोलू नये, असं आमच्या घरच्या सासूबाई म्हणत. पण एका पोरीची शाळा माझ्यामुळे सुरू राहिली होती आणि पंधरा दिवस मी खुंटीवर राहिलो तेव्हा ती सुटली. एवढं तरी कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म नगरचा. तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. पाठीवर जितके घाव बसले, तितकं माझं पोट खोल होत गेलं. मग दांडीवर टिंबाटिंबांनी नाव घातलं, 'सौ. दमयंती', आणि मी लग्नाच्या रुखवतात जाऊन बसलो. तिथून आलो पारनेर तालुक्यातल्या एका लहानशा गावात. दमयंतीबाईंचे यजमान विष्णुपंत तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेचे मास्तर होते.

बाई व्रतवैकल्यांच्या. सोमवार, संकष्टी, प्रदोष, काही सोडत नसत. पण त्यांच्या उपासाची मला कधी भीती वाटली नाही. त्या उपाशी असल्या की त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी पान त्यांच्या घरी मांडलेलं असायचंच.

सेहेचाळीस साली पावसानं ओढ दिली. रेशनची ज्वारी यायची ती किडकी, तीही कधी यायची, कधी नाही. एके दिवशी विष्णुपंत शाळेतून आले ते टोपीही न काढता ओसरीवर बसले.

"अहो, पाय तरी धुवा," बाई म्हणाल्या.

"आज एक मुलगी पाढे म्हणता म्हणता भोवळ येऊन पडली. गोजरबाईची केशर. दुसरीतली. विचारलं, काय खाऊन आलीस? तर म्हणते, काल खाल्लं हुतं."

गोजरबाई लोकांच्या शेतावर रोजानं जाई. नवरा तापानं गेलेला. घरात केशर आणि रांगणारी धाकटी.

आषाढी एकादशीला बाईंनी देवापुढं तुळशीपत्र ठेवलं आणि व्रत घेतलं: चातुर्मासभर एकच वेळ जेवायचं आणि राहिलेल्या वेळचं धान्य शाळेतल्या मुलांच्या मुखी घालायचं. बोभाटा करायचा नाही. पण गावात काय लपतं? चार दिवसांत शेजारच्या मालनबाई आल्या. "वैनी, आमी बी दळायच्या आदी मूठभर हुलगं बाजूला काडतो. पुन्याई काय येकटीनंच घ्यायची व्हय?" आणि शाळेच्या पडवीत चूल पेटली. हुलग्याचं माडगं, पातळ, गरम, मिठाचं. कधी गुळाचा खडा मिळाला तर गोड. एका मुलाला एक ओगराळंभर.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "साऱ्या गावाच्या पोरांना वाढून आलेलं ते ओगराळं माझ्या सोवळ्याच्या चुलीशी आणायचं नाही हो." म्हणून मला शाळेतच एक खुंटी मिळाली. सोवळं सुटलं त्याचं मला दुःख झालं नाही. घरी वाढताना मला 'पुरे, पुरे' ऐकायची सवय होती. शाळेत एकही पोर 'पुरे' म्हणत नव्हतं.

सगळी एका रांगेत बसायची. कुणापुढं जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची ताटली, कुणापुढं वाटी, केशरपुढं नारळाची करवंटी. खाऊन झालं की ती मला घासायला घ्यायची. राख लावता लावता दांडीवरच्या टिंबांवरून बोट फिरवायची. "द... म... यं... मास्तरीणबाई, हितं तुमचं नाव हाय!" तिनं आपलं आपण वाचलेला तो पहिला शब्द. बाईंनी पदरानं डोळे टिपलेले मी पाहिले. श्रावण संपता संपता ती फळ्यावरची ओळ न अडखळता वाचू लागली.

हे सगळं असंच चाललं असतं. पण नगरच्या एका साप्ताहिकाचे बातमीदार, नृसिंहराव, कशासाठी तरी तालुक्यात आले होते, ते आमच्या पडवीत डोकावले. त्यांनीही ओगराळंभर माडगं खाल्लं आणि मनापासून चांगलं लिहिलं. 'मुठीमुठीची शाळा' असा काहीसा मथळा होता. माणूस भला, शंका नाही. पण बाईंचं व्रत छापून आलं आणि वाद सुरू झाला, असं खाणं सरकारनं सगळ्याच शाळांत द्यावं की नाही.

दर आठवड्याला विष्णुपंत अंक वाचून दाखवायचे. एकानं लिहिलं, शाळा आहे की अन्नछत्र? दुसऱ्यानं लिहिलं, रिकाम्या पोटी बाराखडी चढत नाही. तिसरा म्हणे, आईबापांनी पोरं जन्माला घातली, सरकारनं का पोसावी? चौथ्यानं हिशेब मांडला की एवढ्या पैशात दहा नव्या शाळा होतील. या साऱ्या पत्रांत सगळं काही होतं. फक्त भुकेली पोर नव्हती.

तेवढ्यात कळलं, जिल्ह्यातल्या शाळांचं पाहणाऱ्या कमिटीपुढं ठराव येतोय. तालुक्यातल्या साठही शाळांत मुलांना दुपारचं खाणं द्यावं. गावातले शेतकरी सूर्यभान ताडकन उठले. "मास्तर, मी जातो नगराला. आन् हे ओगराळं संगं नेतो. त्यास्नी दावतो, येका पोराला लागतं किती ते!"

असा मी उपरण्यात गुंडाळून नगरला गेलो. मोठी खोली, खुर्च्या, वर पंखा. सूर्यभानांनी मला टेबलावर ठेवलं. "सायब, हे एवढंच. लई न्हाई."

कमिटीतले आप्पासाहेब वजनदार गृहस्थ. त्यांनी मला उचललं, दांडीवरचं नाव वाचलं आणि खरंच हात जोडले. "धन्य ती माउली! आम्ही वर्तमानपत्रात वाचलंच. पण पाव्हणं, तुम्हीच सांगा. जिथं घरच्या लक्ष्म्या मुठीमुठीनं पोरांना जेवू घालतात, तिथं कमिटीनं पैसा कशाला घालायचा? असा धर्म गावोगाव जागवावा. ठरावाची गरज काय?"

टाळ्या पडल्या. बाईंच्याच पुण्याईचा दगड करून साठ गावांच्या तोंडावर ठेवला गेला. त्याला कुणी नाव ठेवीना, कारण तो फुलं वाहून ठेवला होता. निकाल पुढच्या बैठकीवर गेला.

बाहेर नृसिंहराव कळवळून म्हणाले, "चूक माझी झाली. मी फार गोड लिहिलं. आता एकच उपाय आहे. पंधरा दिवसांत तपासनीस तुमच्या शाळेत येणार आहेत. तोवर चूल बंद ठेवा. हजेरी किती पडते ते त्यांना डोळ्यांनी दिसू द्या. मग कुणाला नाही म्हणता येणार नाही."

सूर्यभानांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा बाई वाती वळत होत्या. हातातली वात तशीच राहिली.

"चातुर्मास संपायला अजून दीड महिना आहे," त्या म्हणाल्या. "घेतलेलं व्रत मध्येच टाकू?"

"मी सांगणार नाही," विष्णुपंत म्हणाले. "व्रत तुझं आहे."

सासूबाई आतून बोलल्या, "देवाला दिलेला शब्द कमिटीसाठी मोडतात का कुठं?"

तिसऱ्या दिवशी बाई पूजा आटोपून शाळेत आल्या आणि मला खुंटीला अडकवताना स्वतःशीच म्हणाल्या, "एका गावचं पुण्य राखायला मी साठ गावची पोरं उपाशी ठेवली, तर ते व्रत देवाचं नव्हे, माझ्या हौसेचं." एक वेळ जेवणं त्यांनी सोडलं नाही. पण नुसतं उपाशी राहणं म्हणजे व्रत नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

पहिल्या दिवशी पोरं ताटल्या घेऊन आली आणि चुलीकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी ताटल्या आल्या नाहीत. चौथ्या दिवसापासून पोरंच येईनाशी झाली. एक्केचाळीसाची तीस झाली, तिसाची बावीस. केशर मात्र यायची. दुपारी पाणी प्यायची आणि पुन्हा पाटी घेऊन बसायची.

आठव्या दिवशी गोजरबाई तिला हाताला धरून आली. "मास्तरीणबाई, सांगाय आले. भिंगाराकडं रस्त्याचं काम निघालंय. पोरीला बी खडी उचलाया घेत्यात. दोन वखत भाकर हाय."

"गोजरबाई, आठच दिवस थांब गं. तपासनीस येऊन जातील. मग सगळ्यांनाच मिळेल, कायमचं."

"पोटाला आट दिस कसं समजावू, बाई?"

बाईंनी आवाज खाली आणला. "मग असं कर. दुपारी हिला माझ्या घरी पाठव. कुणाला कळायचं नाही. मी वाढते."

गोजरबाईनं मान हलवली. रागानं नाही, हळूच. "तुमचं मन लई मोटं हाय. पन शाळंत समद्या पोरांसंगं रांगंत बसून खाल्लं, ते येगळं. येकलीनं तुमच्या दारात बसून खाल्लं, का ती भीक व्हती. तिचा बा गेला तवाबी म्या कुनाम्होरं हात पसरला न्हाई."

एवढी सगळी पत्रं छापून आली, त्यात हे कुणी लिहिलं नव्हतं.

केशरनं पाटी मास्तरांच्या टेबलावर ठेवली. "मी दिवाळीला येनार हाय," ती म्हणाली. "माजी पाटी कुनाला देऊ नगा."

मी खुंटीवरून पाहत होतो. हात असता तर चुलीत मीच काटक्या सारल्या असत्या. पण मला हात नाही. मी दुसऱ्याच्या हातात असतो, एवढंच माझं आयुष्य.

तपासनीस आले. सतरा मुलं होती. त्यांनी आकडा लिहून घेतला, हळहळले आणि गेले. बाईंनी त्याच दुपारी चूल पेटवली. पोरं हळूहळू परतली, सगळी नाही. दिवाळी झाली. खडीवर गेलेली माणसं तिकडूनच पुढच्या कामावर गेल्याचं कळलं.

मग बैठक झाली. सूर्यभान परत आले ते थेट शाळेच्या पडवीत, आणि पाणी न पिताच सांगू लागले, "आप्पासायेब म्हनले, चूल बंद झाली तशी पोरं पळाली, म्हंजी ती शिकाया येतच नव्हती, खायाला येत हुती. असल्यांसाठी शिक्शनाचा पैसा का घालवायचा? आन् ठराव तहकूब केला."

"पण वाढत होतो तेव्हा म्हणाले, गरज नाही," विष्णुपंत म्हणाले, "आणि थांबवलं तेव्हा म्हणतात, लायकी नाही!"

बाई उठून घरी, देवघरात गेल्या. त्यांचं रडणं मी ऐकलं नाही, मी शाळेत होतो. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हातात घेतलं तेव्हा त्यांची पकड सैल होती. कितीतरी दिवस माझ्यातून माडगं सांडायचं.

याला आता तीन वर्षं होतील. मधे स्वातंत्र्य आलं. पोरांना पेढा मिळाला, शाळेवर झेंडा चढला. ठराव कुठल्याशा फडताळात आहे, आणि वर्तमानपत्रात पत्रं अजून येतात, तीच. बाईंनी चातुर्मासाचं व्रत बारमाही केलं. जरा कृश झाल्या आहेत. माझीही कड झिजलीय, दांडीचा सांधा हलतो.

मागच्या महिन्यात दुपारी पडवीशी एक पोरगी येऊन उभी राहिली. कमरेला पदर खोचलेला, तळहातांना घट्टे. संगतीला चार-पाच वर्षांची धाकटी. बाईंनी क्षणभर पाहिलं आणि ओरडल्याच, "केशर! अगं ये, बैस. आधी खा, मग बोलू." त्यांनी मला काठोकाठ भरलं आणि तिच्याकडं धरलं.

केशर मागं सरली. "नगं, मास्तरीणबाई. मी आता शाळंतली न्हाई." मग तिनं धाकटीला पुढं केलं. "आमी आता परत हितंच ऱ्हातो. हिचं नाव घाला. हिला रांगंत बसवा."

बाईंचा हात हवेतच राहिला. मी भरलेला, गरम, आणि ज्या पोरीसाठी भरलेला ती दोन पावलांवर उभी. तरी मला तिच्यापर्यंत पोचता येईना. धाकटी रांगेत जाऊन बसली. केशर दाराशी उभी राहून तिचं खाणं संपेपर्यंत पाहत होती. मग कामावर गेली.

तिची पाटी विष्णुपंतांनी खरंच कुणाला दिली नव्हती. ती धाकटीला मिळाली.

बाबांनो, तुम्ही शिकलेली माणसं. वाद करा, लिहा, ठराव मांडा, खोडा. मी धातूचं भांडं, मला त्यातलं फार कळत नाही. इतकंच मागतो: तुमचं बोलणं संपेपर्यंत चूल विझवू नका. तुमचा निकाल उशिरा लागला तरी चालतो. पोर तेवढं थांबत नाही. आणि वाढाल तेव्हा सगळ्यांना एका रांगेत वाढा, म्हणजे कुणाच्या आईला मान खाली घालावी लागणार नाही.

येतो मी. पडवीत धाकटीनं ताटली पुढं केलीय.