खाली घातलेली मान

मंदाचं आंतर्देशीय पत्र येऊन अकरा दिवस झाले, तरी मी उत्तर लिहिलं नव्हतं. कोटाच्या आतल्या खिशात ते घेऊन मी धुळ्यात हिंडत होतो.

मंदा ही माझ्या धरणगावच्या चुलतभावाची, जीवरामची मुलगी. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा मलाही बोलावलं होतं. ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस बैठकीत असला की बरं दिसतं, म्हणून. ‘मुलगा पसंत आहे ना?’ असं विचारल्यावर तिने मान खाली घातली. “पोर लाजनी!” जीवराम म्हणाला, आणि लगेच पेढे फिरले.

पत्रात तिने लिहिलं होतं, ‘नाना, मी लाजले नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, तुम्ही हातांकडे बघितलंत. तुम्ही सांगितलं तर आबा ऐकतील. मला दोन ओळी लिहा.’

मी बघितलं होतं. तिने पाटाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. पण बायकांच्या मनातलं मला कधी कळलंय? चुकलो, तर ठरलेलं लग्न उगाच मोडल्यासारखं होईल. बरोबर असलो, तर तिचा आबा, जीवराम, आहेच. एका शब्दावरून त्याने सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलणं टाकलं होतं.

बाराव्या दिवशी दोन्हीकडची मंडळी बस्त्याला, म्हणजे लग्नाची कापडं घ्यायला, धुळ्यात आली. पुखराजशेठच्या दुकानात पुरुष गादीवर पाय पसरून मोठमोठ्याने बोलत होते. बायका कडेला अंग चोरून बसल्या होत्या. शेठच्या पत्नीने, तारादेवींनी, मंदाच्या खांद्यावर हिरवा शालू टाकला. मंदा हललीसुद्धा नाही. तिच्या आईने, झुंबरबाईने, पदर दातांत धरला. तारादेवींनी दोघींकडे बघितलं आणि काही न विचारता शालू काढून त्याची घडी घालायला घेतली. तिघींत एक शब्द झाला नव्हता.

मग मंदाने सरळ माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

“नाना, खाले काय देखी ऱ्हायनात? काही पडनं का?” जीवराम ओरडला. “का तुम्हीबी लाजनात?”

गादीवरचे सगळे हसले. माझं तोंड कोरडं पडलं होतं, पाय गार झाले होते, आणि हे इतक्या माणसांत कुणालाच दिसलं नव्हतं. तिचंही असंच झालं असणार.

मंडळी एस.टी.ने परत गेली आणि मी तसाच पोस्टात गेलो. मुद्दाम साधं कार्ड घेतलं; ते जीवराम आधी वाचणार, हे ठाऊक होतं.

‘चि. मंदास आशीर्वाद. त्या दिवशी तू होकार दिला नव्हतास. मी बघितलं होतं आणि भिऊन गप्प बसलो. रविवारी येतो. हेच जीवरामसमोर बोलेन.’

पेटीपाशी दोनदा हात मागे घेतला. तिसऱ्यांदा कार्ड आत टाकलं.