मागून कसा आहे?

विज्ञान संग्रहालयात प्रतिकृती बनवणाऱ्या धाकटीकडे नवं काम आलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांना हाताने कळेल असा ग्रहीय तेजोमेघ करायचा, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचं कवच. फोटोत ते अंगठीसारखं दिसे. तिने प्लॅस्टरचं जाड कडं ओतलं, मधोमध तारा म्हणून टाचणीचं डोकं बसवलं आणि थोरल्या बहिणीला कार्यशाळेत घेऊन आली. तीन वर्षांपूर्वी ताईची दृष्टी गेली होती. जीभ मात्र जागच्या जागी होती.

ताईने बोटं फिरवली. "दाराची कडी का गं ही?"

"तेजोमेघ आहे, ताई. दोन हजार प्रकाशवर्षं दूर. शे-दोनशे इकडे-तिकडे."

"शे-दोनशे इकडे-तिकडे! आणि मला आवरायला जरा उशीर झाला की घर डोक्यावर घेतेस." तिचं बोट टाचणीशी थांबलं. "हा तारा? एवढासा?"

"सगळं टाकून दिल्यावर उरलेला."

ताईने कडं उलटं केलं. मागची बाजू सपाट होती. "आणि मागून कसा आहे?"

'मागूनही असाच,' हे धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून तिने शेजारच्या खोलीतल्या खगोलतज्ज्ञ बाईंना हाक मारली.

"आपण एकाच बाजूने बघतो ना," बाई म्हणाल्या. "कुठला वायू आपल्याकडे येतोय, कुठला दूर जातोय, त्यावरून वाटतं की तो पिंपासारखा लांबट आहे आणि आपण त्याच्या तोंडातून आत बघतोय. टोकं कशी आहेत, ते छातीठोकपणे नाही सांगता येत."

"म्हणजे तुम्हीपण चाचपडताच की!"

"अगदी," बाई हसल्या.

घरी जाताना धाकटीला ते गिळलेलं वाक्य आठवत राहिलं. तीन वर्षं ती ताईला सगळं रंगवून सांगत आली होती. पडदे अजून नव्यासारखे आहेत, शेजारीण तुझ्याकडे बघून हसली. त्यातलं निम्मं तिने पदरचं घातलेलं असे.

दुसऱ्या दिवशी तिने कडं फोडलं आणि पिंप घडवलं. मधला भाग गुळगुळीत केला. टोकांना नुसती तारेची सैल जाळी ठेवली. "अर्धवट दिसतंय," संग्रहालयाचे प्रमुख कुरकुरले. पण बाई हटून बसल्या आणि जाळी राहिली.

प्रदर्शन उघडलं तेव्हा ताईचा हात जाळीवर अडखळला. "इथे काय आहे?"

"इथलं कुणालाच माहीत नाही."

ताई बराच वेळ जाळीच्या तारा चाचपत राहिली.

संध्याकाळी चपला काढता काढता तिने विचारलं, "आज कशी दिसत होते गं मी?"

धाकटी क्षणभर घुटमळली. "दमलेली," ती म्हणाली. "आणि साडीचा रंग तुला शोभत नव्हता."

"मग सकाळी का नाही बोललीस, बये?" ताई म्हणाली आणि पोट धरून हसत सुटली.