आठव्या डावातला शब्द

सातवा डाव संपला आणि एलीसेओ बाकाच्या पार टोकाला एकटाच जाऊन बसला. त्याच्या शेजारी कुणी फिरकलं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा कुणी हातात दिली नाही, लांबूनच सरकवली. बेसबॉलच्या सामन्यातल्या नऊ डावांपैकी सात झाले, तरी समोरच्या संघाला त्याने एकही फटका बसवू दिला नव्हता. असं चाललेलं असताना पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, बोलायचं नसतं आणि जे चाललंय त्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नसतं; घेतलं की ते मोडतं. सान पेद्रोतल्या पोरांना हे अक्षरओळखीच्या आधी कळतं.

नेरेइदा मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून होती. एलीसेओ तिचा धाकटा भाऊ. आई हॉटेलातल्या चादरी धुवायला जायची तेव्हा तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. आता ती गावच्या संघाचं, म्हणजे 'खेकड्यां'चं, आकड्यांचं काम बघायची. प्रत्येक चेंडूनंतर तिचं मॉडेल भाकीत करायचं. खेकडे जिंकतील का, समोरचा बॅटर फटका मारेल का, आपला पिचर थकलाय का.

आत्ता त्यातली एक रेघ खाली खाली चालली होती. चेंडू सोडताना एलीसेओचा हात हळूहळू उतरत होता. नुसत्या डोळ्यांना ते दिसलं नसतं. मागे त्याचं कोपर गेलं, त्याआधीही हात असाच उतरला होता. तेव्हा हे मॉडेल नव्हतं. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतरच तिने ते बनवायला घेतलं, तो झोपलेला असताना, त्याच्या खाटेशी बसून. कोपरातला अस्थिबंध पुन्हा फाटला तर खेळ विसरायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ती उठून म्हाताऱ्या प्रशिक्षकांपाशी गेली.

"एव्हारिस्तोकाका, बसवा त्याला आता."

काकांनी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली. "कुणाला?"

"उगाच वेड पांघरू नका. हात उतरतोय त्याचा. आणि हे बघा, नवा पिचर आणला तर जिंकायची शक्यता शंभरात बहात्तर. हा राहिला तर एकसष्ट."

"पोरी, एका धावेने पुढे आहोत आपण. आज याला बाहेर काढला तर ही माणसं माझ्या घराचे पत्रे उचकटून नेतील. मग तुझा हा डबा घालू का छपरावर?"

"कोपर जाईल हो त्याचं!"

 काका आवाज खाली आणून म्हणाले, "एक फटका बसू दे. शपथेवर सांगतो, मी स्वतः जाऊन त्याच्या हातातून चेंडू काढून घेईन. पण त्याआधी नाही."

आठवा डाव सुरू झाला. स्टँडमध्ये ढोल नुसते बडवत होते. पहिला बॅटर बाद झाला, दुसराही. मग एलीसेओने हात एकदाच झटकला. शाळेत छडी खाऊन आला की असाच झटकायचा आणि म्हणायचा, "काही नाही गं ताई."

 तिसरा बॅटर आला. फटक्याची शक्यता शंभरात एकतीस. म्हणजे नाहीच बसणार, आणि हा नवव्या डावातही टाकत राहणार.

नेरेइदा उभी राहिली आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज बिनफटक्याचा सामना होणार!"

 मालिशवाल्या चिचोने हातातला टॉवेल तोंडावर दाबला. "बाई गं, जीभ झडली नाही तुझी?" अपशकुन टळावा म्हणून खांद्यावरून मीठ टाकणाऱ्या याच चिचोला ती येता-जाता चिडवायची.

"पुन्हा म्हणू?"

"नको, नको, हात जोडतो!"

पुढचा चेंडू बॅटरला मारताच आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. आणखी एक चुकला की हाही बाद आणि डाव संपला. नेरेइदाने पडद्यावरची नजर काढली. पडद्यावर बघायला आता काही उरलं नव्हतं.

बॅटच्या कडेला लागून चेंडू मेल्यासारखा घरंगळत तिसऱ्या तळाकडे गेला. उचलेपर्यंत बॅटर पहिल्या तळावर पोचलासुद्धा. तो फटका म्हणून मोजला गेला. ढोल थांबले. काकांनी तोंडातलं टरफल थुंकलं आणि दिल्या शब्दाला जागून मैदानात निघाले.

एलीसेओ परतला तेव्हा सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या.

"नाव कुणी घेतलं?" त्याने विचारलं.

चिचोने नुसती हनुवटी नेरेइदाकडे वळवली.

"तू? तू तर असलं काही मानत नाहीस."

"नाही मानत." एकतीस म्हणजे एकतीस, शब्दाने त्याचे बत्तीस होत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिला त्याच्याकडे बघवेना.

"माझा दिवस होता, ताई."

त्याने पाण्याचा पेला उचलला. उजवा हात थरथरला, पाणी मनगटावर सांडलं. त्याने गुपचूप पेला डाव्या हातात घेतला आणि कुणी पाहिलं का, हे बघायला मान वर केली.

तिने पाहिलं होतं. तिने लॅपटॉप मिटून खाली ठेवला, चिचोकडून बर्फाची पिशवी घेतली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"कोपर आण इकडे."

 समोरच बघत त्याने हात तिच्या मांडीवर ठेवला.