केसभर वर आलेलं घर

काकूंचा दरवाजा पुन्हा अडकला होता. बांधकामाच्या खड्ड्याला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर, शिवणकाम करून उभं केलेलं. तळघरासाठी खणलेल्या त्या खड्ड्यातलं पाणी पंप अखंड उपसत होते. आधी दरवाजा चौकटीला घासू लागला, मग भिंतीला बारीक चीर गेली. काका अंथरुणाला खिळलेले. भिंत आली खाली, तर या माणसाला घेऊन मी बाहेर कशी पडू, हा एकच घोर काकूंच्या जिवाला लागला होता.

साइटवरचा इंजिनिअर तसा वाईट नव्हता हो! काकूंनी हाक मारली की हातातलं काम टाकून यायचा, त्यांच्या भिंतीत बसवलेल्या खुंटीची उंची दुर्बिणीतून मोजायचा. मोजून झालं की स्वारी खुशीत.

"काकू, घर खचायचं सोडा, उलट केसभर वर आलंय," असं तो शेवटच्या खेपेला म्हणाला आणि स्वतःच हसला. काकूंनी अडकलेल्या दाराला पुन्हा खांदा लावला. यंत्रापुढे माणसाने काय बोलायचं?

तपासणीला आलेल्या वरिष्ठ बाईंनाही त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. बाई हसल्या नाहीत. पाणी उपसलं की आजूबाजूची जमीन खाली बसते, मग हे एकच घर वर कसं येईल, असं त्यांनी विचारलं. उंची कुठल्या खुणेवरून मोजता, तेही विचारलं.

इंजिनिअर चाचरला. ठरलेली खूण रस्त्यापलीकडे, खडकावर बांधलेल्या पाण्याच्या टाकीच्या पायावर होती. पण मध्ये सारखी वाहनं आडवी यायची, म्हणून त्याने साइट ऑफिसच्या पायरीवर नवी खूण करून घेतली होती. सोय म्हणून, दुसरं काही नाही.

"आणि ती पायरी कुठे आहे?"

पायरी खड्ड्याच्या अगदी काठावर होती. घर वर आलंच नव्हतं! पायरीच घरापेक्षा जास्त खचली होती.

बाईंनी आवाज चढवला नाही. "अरे, ती बाई रोज खांदा लावून दार ढकलतेय. तुझा आकडा आणि तिचं म्हणणं जुळेना, तेव्हा तू शंका तिच्यावर घेतलीस. एकदा आपल्या खुणेवर घ्यायची होतीस."

दोघांनी टाकीवरून पुन्हा मोजलं. घर चांगलं बोटभर खाली गेलं होतं, तेही एका बाजूने. ठेकेदाराने कामाच्या मुदतीवरून आकाशपाताळ एक केलं, पण इंजिनिअर बधला नाही. पंप थांबले, भिंतीला आधाराचे टेकू बसवले गेले, आणि काकांना त्याने स्वतः उचलून कंपनीने दिलेल्या खोलीत नेऊन निजवलं.

काकूंनी आपल्याला चार शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटत होतं. काकू काकांच्या अंगावर पांघरूण घालत म्हणाल्या, "बरं झालं बाबा, पुन्हा मोजलंस. मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय."

ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीची चीर बुजवता येईल, पण या बाईला त्याने तिच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावलं होतं.

मंडळी, घरात असो की कचेरीत, आपणही सोयीच्या पायरीवरून मोजतो आणि समोरच्याला खोटं ठरवतो. कुणी आपलं दुखणं सांगत आलं, तर त्याला वेड्यात काढण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहू या. एवढं तर आपल्याला नक्कीच जमेल.